हरिहरवरून उतरताना

६ ऑक्टो., सोम.
उद्या हरिहर गड. पाण्याच्या प्लांटमधून रजा मिळाली. मंदाचा फोन, "दसऱ्याचा झेंडू संपला, दिवाळीचा अजून कळीत हे. आत्ताच काय ती मोकळीक." शाळेपासूनची आमची सवय, वर्षातून एक डोंगर. भीती मला वाटते, तिला कधीच नाही.

७ ऑक्टो., मंगळ.
घरी पोचले. अक्षर वेडंवाकडं येतंय.
हर्षेवाडीतून निघालो. पठारावर सोनकी फुललेली, वारा मोकाट. शेवटच्या उभ्या पायऱ्यांना बोटं अडकवायला खोबण्या आहेत. मंदा पुढे. डावा हात ती लावतच नव्हती. मला वाटलं शायनिंग मारतेय. "अगं, दोन्ही हात लाव!" ती तशीच एका हाताने चढत राहिली.
उतरताना कड्याकडे तोंड करून, मी खाली, ती वर. अर्ध्यात म्हणाली, "वैशे, हात गेला."
म्हणजे काय ते कळलंच नाही. वर पाहिलं तर तिचे बूट. खाली पाहिलं ते पाहायला नको होतं.
"तू बाजूला हो. मी पडले तर तुलाबी नेईन."
बाजूला जागा कुठे होती! एका हाताने खोबण धरली, दुसऱ्याने तिची टाच. "सोड पाय. धरलाय मी. टेकला. आता दुसरा." किती पायऱ्या, आठवत नाही. एकदा तिचं सगळं वजन माझ्या खांद्यावर आलं. तेव्हा मनात आलं, हिला सोडलं तर मी वाचेन. हे कुणाला सांगणार नाही.
खाली बसलो. तिची बोटं ओल्या फडक्यासारखी. पंधरा मिनिटांनी हलली. बोलताना जीभही जड वाटली, की मला भास झाला?
"तिसरी वेळ ही. घरी बोलायचं नाय. दिवाळीचा माल निघू दे."
मी हो म्हणाले.

८ ऑक्टो.
लॅबमध्ये पाण्याचे नमुने दोनदा चुकले. दुपारी फोन केला. "कळ्या बघतेय. ठणठणीत हे मी. तूच घाबरट." हसली. हसताना आवाज नेहमीचा होता. बहुतेक.

१० ऑक्टो.
नाशिकरोडला एका डॉक्टरांना विचारलं, मैत्रिणीचं म्हणून. त्यांनी पेन खाली ठेवलं. "डोकं तपासायला हवं. आजच आणा त्यांना."
मंदा : "दिवाळी झाल्यावर."
मी ओरडले. तिने फोन ठेवला.

१३ ऑक्टो.
तिच्या नवऱ्याचा फोन. भाऊजी कधी स्वतःहून करत नाहीत.
"ताई, डोंगरावर पडली का मंदा? सकाळी चहाचा कप सुटला हातातनं. इचारलं तर अंगावर येती."
"नाही हो. दमली असेल."
ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन बसले. का खोटं बोलले? तिला शब्द दिला म्हणून? की इतके दिवस गप्प राहिले ते उघडं पडेल म्हणून. उद्या तिला काही झालं तर

१५ ऑक्टो.
शिफ्ट संपल्यावर थेट मखमलाबाद, त्यांच्या मळ्यात. दोघं झेंडूत होते. तिच्यासमोरच सांगितलं सगळं.
मंदा म्हणाली, "तुझ्यावर भरोसा ठेवला मी."
भाऊजींनी हातातलं क्रेट खाली ठेवलं. "उद्याच जायाचं."
"आन् फुलं?"
"फुलांचं नाव काढू नको."
मला कुणी बस म्हणालं नाही.

१६ ऑक्टो., गुरु.
डोक्याच्या स्कॅनला आलोय. न बोलावता मीही आले. मंदा माझ्याशी बोलत नाही. आत जाण्याआधी सगळं धातूचं काढायला सांगितलं. बांगड्या निघाल्या. मंगळसूत्राची कडी तिला निघेना, बोटं पुन्हा तशीच. भाऊजी खिडकीपाशी पैसे भरत होते. ती माझ्याकडे पाठ करून उभी राहिली, केस वर धरले. मी कडी काढली. तिची मान गार होती. घामाने ओली. म्हणजे तीही घाबरली होती.
आत गेली. दार लागलं.
भाऊजी येऊन बसले, मध्ये एक खुर्ची सोडून.
"तुम्हाला किती दिवस ठावं होतं, ताई?"
"नऊ."
त्यांनी मान खाली घातली.
रिपोर्ट चारला देतो म्हणालेत. आत्ता तीन वीस. आतून मशीनचा आवाज येतोय, ठोकल्यासारखा.