आत धूळच नव्हती

प्रिय नेरेइदा,

शुक्रवारी येऊ नकोस. बाकीचं पत्र मागाहून सावकाश वाच, पण आधी एवढं डोक्यात पक्कं बसव. शुक्रवारी दुपारच्या बसने गावी यायचं नाही. शनिवारी नाही, रविवारीही नाही. सुनावणी आटोपली की तिथेच वाहाका शहरात राहा. बहिणीकडे जाऊ नकोस, ते घर इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तुझ्या वकीलबाईंना सांग, त्या कुठेतरी सोय करतील. मला फोनही करू नकोस. माझा फोन हल्ली टेबलावर पडलेला असतो आणि तो कोण हातात घेतं याचा मला भरवसा राहिलेला नाही. म्हणून हे पत्र तिकडे माल विकायला निघालेल्या ओबदुलियाबाईच्या टोपलीत, मक्याच्या कडक तोतोपो-पोळ्यांच्या चळतीखाली, सुक्या कोळंबीच्या पुडक्यात घालून धाडतोय. कागदाला वास येईल, नाक मुरडू नकोस. तिला वाचता येत नाही. एवढंच म्हणाली, "एलिओदोरो, पिकल्या केसांनी कुणाला प्रेमपत्र लिहितोयस रे?" मी म्हटलं, तसंच समज बाई, पण ते दुसऱ्या कुणाच्या हाती पडू देऊ नकोस.

तू जाताना किल्ली देऊन म्हणाली होतीस की उत्तरेचा वारा आता थांबलाय, मी परत येईपर्यंत माझं ते कम्प्युटरचं धूड साफ करून ठेव. दर वर्षीचंच काम आपलं. नोव्हेंबरपासून चार महिने हा वारा गावाला झोडपतो, जेवणात माती, अंथरुणात माती, आणि तुझा कम्प्युटर तर खिडकीखाली. मी हजारदा सांगितलं तिथून हलव म्हणून, पण ऐकशील तर तू कसली? गेल्या साली आतून वाटीभर धूळ काढली होती, वर एक वाळलेली पालही निघाली, आणि कोर्टात न्यायाधीशाला न घाबरणारी बाई खुर्चीवर चढून बसली होती. तर सोमवारी सकाळी मी ब्रश, हवेचा पंप, फडकं असं सगळं घेऊन तुझ्या घरी गेलो. कम्प्युटर नेहमीसारखा अंगणात आणला, म्हणजे धूळ वाऱ्यावर जाते आणि शेजारीण तेवढी शिव्या घालते. चार स्क्रू काढले, बाजूचा पत्रा सरकवला, तोंडाला रुमाल बांधला. आणि आत धूळच नव्हती.

नेरेइदा, थोडीफार होती असं नाही, नव्हतीच. पंख्याची पाती पुसलेली. कोपरे झटकलेले. वायरींच्या मागे, जिथे आळशी माणसाचा ब्रश पोचत नाही, तिथेही स्वच्छ. म्हणजे माझ्याआधी कुणीतरी तो उघडला होता. चोर पैसे नेतो, टीव्ही नेतो. तुझ्या घरातलं भांडंही हललेलं नव्हतं. मग ज्याने तो डबा उघडला त्याला काय हवं होतं हे मी तुला सांगायला नको. त्या सत्तावीस जणांच्या जबान्या त्यातच आहेत ना? ज्यांच्या जमिनीवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, पण ज्यांनी करारावर कधी अंगठा उमटवलाच नाही, त्यांची नावं, गावं, घरं, सगळं. तुझ्याजवळ दुसरी प्रत आहे म्हणून खटला बुडणार नाही, हे खरं. पण आता ती यादी त्या कंपनीवाल्यांकडेही आहे. त्या सत्तावीस जणांना निरोप पोचव, आजच. मी स्वतः दारोदार फिरलो तर माझ्यामागून कोण येईल ते सांगता येत नाही. आणि त्या सगळ्यांना एकत्र बांधणारी गाठ म्हणजे तू. सिरिलोबाबाचं काय झालं ते आठव. अशाच एका सुनावणीहून परतला, थांब्यावर कुणीतरी ओळखीचं "न्यायला" आलं, म्हातारा विश्वासाने गाडीत बसला. चौथ्या दिवशी कालव्यात सापडला. आजपर्यंत गावात कुणी त्या ओळखीच्या माणसाचं नाव घेतलेलं नाही.

मी पत्रा तसाच परत लावला, किल्ली खिशात टाकली आणि घरी आलो. घाईत शेवटचा स्क्रू गवतात पडला तो सापडलाच नाही. रस्त्यात कंपनीची पांढरी गाडी दिसली की मी भिंतीला चिकटत होतो. हसशील मला. साठीला आलेला माणूस, दिवसाढवळ्या. पण खरं सांगू का? मला त्या गाड्यांची भीती कमी वाटत होती. जास्त भीती वाटत होती ती डब्याच्या आत जे पाहिलं त्याची. ते मी अजून तुला सगळं सांगितलेलं नाही. गेले दोन दिवस स्वतःलाही सांगत नव्हतो.

पंख्यात एक काडी अडकलेली होती, आणि ती मी घातलेली नव्हती. चटईच्या ताडपानाची, करंगळीएवढी. हवा मारताना पंखा गरगर उलटा फिरू नये म्हणून मी अशीच काडी पात्यांमध्ये खोचतो, नाहीतर कधीकधी बोर्ड जळतो. इतर दुरुस्तीच्या दुकानांतली पोरं पेन्सिल नाहीतर बोट घालतात. ताडाची काडी फक्त आमच्या घरात, कारण माझी फ्लाविया चटया विणायची आणि उरलेल्या काड्या मी कामाला घ्यायचो. ती गेल्यावरही तिचा तो जुडगा मी टाकलेला नाही. आणि दुसरी गोष्ट अशी की चोरी करायला आलेला माणूस आतली डिस्क काढील, नक्कल करील, परत बसवील आणि पळेल. झाडत कशाला बसेल? झाडत तोच बसेल ज्याच्या कानीकपाळी कुणीतरी दहा वर्षं ओरडलंय की उघडलेला डबा साफ केल्याशिवाय बंद करायचा नाही, मग तो गिऱ्हाइकाचा असो की शत्रूचा. तो ओरडणारा मी. दुकानात मी आयुष्यभर एकालाच शिकवलं. आपल्या उरिएलला, माझ्या पोराला.

तू त्याची धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने तुझ्या नव्या भरतकामाच्या वीपील पोलक्यावर ओकारी काढली होती आणि तू म्हणालीस, "आता हा माझाही झाला." गेल्या वर्षी तो त्या पवनचक्कीवाल्या कंपनीची गाडी चालवायला लागला तेव्हा तू त्याला भर बाजारात झापलंस, आणि मी तुझ्यावरच रागावलो होतो. म्हटलं, पोराने काय जन्मभर माझ्यासारखी धूळ खायची? चूक तुझी नव्हती. किल्ली माझ्या घरात खिळ्याला टांगलेली होती. तो येतो, जेवतो, पाय पसरून दोरीच्या झोळीत पडतो. त्या खिळ्यापर्यंत त्याला चार पावलं चालायची होती, बस. मला राहून राहून वाटतं, कम्प्युटर पुसताना त्याच्या मनात आलं असेल की चला, धर्ममातेचं एक काम तरी झालं. त्याला वाईट वाटत असेल असं मला वाटतं. पण मी बाप आहे, माझ्या वाटण्यावर तू जाऊ नकोस.

आता ऐक, सगळ्यात वाईट ते पुढेच आहे. रविवारी, म्हणजे मी डबा उघडायच्या आदल्या दिवशी, तो जेवायला आला होता. माशाचा रस्सा ओरपताना सहज म्हणाला, "पप्पा, धर्ममाता कधी येणार? थांब्यापासून सामान घेऊन चालत कशाला येईल ती, मी गाडी घेऊन जातो." मला इतका आनंद झाला, नेरेइदा. वाटलं, मिटलं एकदाचं तुमच्यातलं. मी सांगून टाकलं. शुक्रवार, दुपारची बस, चर्चजवळचा थांबा. वर म्हटलं, तिला आधी कळवू नकोस, चकित होईल ती. माझ्या तोंडाने सांगितलं मी हे.

काल मंगळवारी तो परत आला. मी विचारायचं ठरवलं होतं. माझ्याच घरात, माझ्याच टेबलाशी, मी माझ्या पोराला घाबरलो. तो तोतोपो मोडत होता, मी त्याच्या हातांकडे बघत होतो. जाताना दारात थबकून म्हणाला, "शुक्रवारच नक्की ना?" मी म्हटलं, हो, शुक्रवारच. त्याने माझ्या डोळ्यांत पाहिलं नाही. मग पुढे म्हणाला, "तुम्ही शुक्रवारी घरीच थांबा हं, पप्पा. ऊन फार आहे." अजून ऊन तापायचे दिवस आले नाहीत. त्याला त्या लोकांनी काय सांगितलंय देव जाणे. नुसतं धमकावायचंय असं सांगितलं असेल. सिरिलोबाबाला न्यायला आलेल्या माणसालाही तेवढंच सांगितलं असेल. तो माणूस कोण, हे मी आजवर विचारलेलं नाही आणि आता विचारायचं धैर्यही नाही, कारण त्या आठवड्यात उरिएल चार दिवस घरी जेवायला आला नव्हता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. तो दांडा मी माझ्या हाताने तासला.

नुसतं "येऊ नकोस" एवढंच कळवायचं असतं तर ते ओबदुलियाबाईच्या तोंडीही पाठवता आलं असतं. मी एवढं लिहीत बसलो ते यासाठी की हे पत्र तू वाचून फाडायचं नाहीस. उद्या कोर्टात तुझ्या वकीलबाईंच्या हातात दे आणि न्यायाधीशापुढे वाचायला सांग. किल्ली, काडी, रविवार, मंगळवार, सगळं जसं घडलं तसं लिहिलंय, आणि जे नुसतं मला वाटतं ते वाटतं म्हणूनच लिहिलंय. तुझे सत्तावीस साक्षीदार आहेत, मी अठ्ठाविसावा. बोलावतील तेव्हा येईन. माझ्या पोराचं नाव माझ्याच तोंडून घेईन, दुसऱ्या कुणी घेतलं तर मला ते सोसवणार नाही. तुरुंगात गेला तर जिवंत तरी राहील, त्याच्यासाठी मी तिथे डबा घेऊन जाईन. माझ्या जिवाची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण तू थांब्यावर उतरलीस, त्याला पाहून हसलीस आणि त्याच्या गाडीत बसलीस, हे दोन दिवस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाहीये. खाली पूर्ण नाव लिहितोय, मतदार कार्डावर आहे तसं. आजवर तुला कधी असं लिहिलं नव्हतं.

तुझाच,
एलिओदोरो रेगालादो विसेंते
उरिएल रेगालादोचा बाप