खटपट्याचा कॉम्प्युटर

३ नोव्हेंबर, सोमवार

आले: कॉम्प्युटरची जाड काळी वायर एक, ९०. प्लगपट्टी एक, २४०. दुकानदार पिशवीचे पैसे वेगळे लावत होता, पिशवी त्याच्याच टेबलावर ठेवून आले.

गेले: सगळे पाण्यात. नवी वायर लावली, नवी पट्टी लावली, बटण दाबले – कॉम्प्युटर ढिम्म! जुन्या पट्टीवर इस्त्री लावून पाहिली, तर ती झकास तापली. म्हणजे पट्टी चांगलीच होती. आधी इस्त्री लावून बघायची अक्कल दुकानात जाण्यापूर्वी यायला हवी होती.

शनिवारी जप आटोपून नेहमीसारखी बसले, बटण दाबले आणि फाट्‌कन आवाज झाला. घरभर अंधार, जळका वास. ह्यांनी मेन स्विच वर केला, दिवे आले. कॉम्प्युटर नाही आला. हे दारात उभे राहून म्हणाले, "फिरव अजून ओलं फडकं." आणि पेपर घेऊन गॅलरीत गेले.

फडके ओले होते हे खरे. घट्ट पिळलेले होते हेही खरे. पण खोटे कुठे बोलू? पुसले मीच.

५ नोव्हेंबर, बुधवार

हा कॉम्प्युटर पोराने विकत आणला नाही, जोडला. सुटे भाग जेवायच्या टेबलावर मांडून बसायचा, मी बाजूला ताट घेऊन उभी. एक स्क्रू, एक घास. लहानपणी घरातले घड्याळ उघडले तेव्हा ह्यांनीच त्याचे नाव खटपट्या ठेवले. तेव्हा कौतुकाने ठेवले होते.

ह्यांनी आपल्या कारखान्यात साहेबाच्या पाया पडून त्याच्यासाठी जागा धरली होती. त्याने परदेशातली नोकरी घेतली. हे म्हणाले, गेलास तर पुन्हा तोंड दाखवू नकोस. तो म्हणाला, बरं. दोघेही एकाच मातीचे. मधल्या मध्ये मी.

जाण्याआधी मला शिकवून गेला. हे बटण दाब, पाकिटाच्या चित्रावर टिचकी मार, माझं पत्र उघडेल. पासवर्ड त्याने आतच भरून ठेवला. "आई, तुला लक्षात ठेवायला नको."

आधी पत्र दर आठवड्याला यायचे. मग कधीमधी. एप्रिलनंतर नाही. कामात असेल. आणि आता बघा, नेमका डबा बंद पडला त्याच आठवड्यात त्याने लिहिले असणार! माझे नशीब मला ठाऊक आहे. पत्रे आत येऊन पडली असतील आणि मी बाहेर बसले आहे फडके हातात घेऊन.

६ नोव्हेंबर

हे म्हणाले, भंगारात देऊन टाकू, जागा मोकळी होईल. मी म्हटले, जागा हवी आहे कोणाला? घरात माणसे दोन, तीही एका खोलीत बसत नाहीत.

८ नोव्हेंबर, शनिवार

वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई म्हणाल्या, माझ्या कॉम्प्युटरवर बघा की पत्रं. बसले. त्यांनी पासवर्ड विचारला. काय सांगणार? तो तर खाली, मेलेल्या डब्यात. बाईंनी चहा दिला, वर कीव दिली. चहा घेतला.

१० नोव्हेंबर, सोमवार

दुरुस्तीवाला आला. बूट काढायच्या आधीच म्हणाला, काकू, हा जुना झाला, नवीनच घ्या. मी म्हटले, आधी काय जळलं ते दाखव, मग घ्यायचं काय ते मी ठरवते. माणूस बोलघेवडा, पण हात स्वच्छ.

त्याने झाकण काढले. कोपऱ्यातला पत्र्याचा डबा म्हणजे पॉवर सप्लाय, भिंतीतली वीज घेऊन बाकीच्यांना वाटून देणारा. त्याचे सगळे जोड सोडवले. माझ्याकडून बिलांना लावायची तारेची क्लिप मागून घेतली, सरळ केली आणि मोठ्या जोडातल्या हिरव्या आणि एका काळ्या वायरीच्या भोकांत दोन टोके खुपसली. म्हणाला, डबा जिवंत असेल तर ह्याचा पंखा फिरेल. नाही फिरला. मग स्वतःच्या पिशवीतला दुसरा डबा जोडला. पंखा घरघरला, पडद्यावर पांढरी अक्षरे आली! माझ्या डोळ्यांना पाणी आले आणि त्याने बंद केला. ठेव ना जरा, म्हटले. तर म्हणे, हा दुसऱ्या गिऱ्हाइकाचा आहे, काकू, तुमच्यासाठी मागवतो. बाकी सगळे शाबूत आहे. पोराने जोडलेले सगळे शाबूत आहे.

मग त्याने जुना डबा उलटा केला. मागे नखाएवढे लाल बटण. म्हणाला, हे दोनशे तीसवर पाहिजे, एकशे पंधरावर आहे. आपली वीज ह्याला दुप्पट झाली, फुटणारच. कोणी सरकवलं?

मी विचारले, पुसताना सरकतं का? त्याने बोटाने रेटून दाखवले. हलले नाही. खाचेत स्क्रूड्रायव्हर घातला तेव्हा कुठे सरकले. "फडक्यानं सरकायला फडक्याला नखं हवीत, काकू."

गॅलरीचे दार उघडे होते. हे पेपर धरून बसले होते. पान उलटल्याचा आवाज नाही.

सगळी नोकरी कारखान्याच्या विजेच्या खात्यात गेली ह्यांची. असले आकडे हे झोपेतही वाचतील. घरात स्क्रूड्रायव्हर एकाच माणसाच्या खणात असतो. जेवताना सरळ विचारले, तुम्ही सरकवलंत ना? भात कालवत राहिले. म्हटले, पोरावर हात चालत नाही म्हणून त्याच्या डब्यावर? ताट अर्धे टाकून उठले. उठोत. अन्न फुकट गेले याचेच वाईट वाटले.

११ नोव्हेंबर

मोडले ते मोडले. पण इतके दिवस मला त्या फडक्याचा दोष खाऊ दिला! रोज देवापुढे क्षमा मागत होते मी. आणि हे शेजारच्या खोलीत ऐकत होते.

१२ नोव्हेंबर

जपाला बसले तर देवाचे नाव तोंडात येईना. ह्यांचेच येत होते, पुढेमागे विशेषणे लावून. माळ ठेवून दिली.

१३ नोव्हेंबर

अबोला. चहाचा कप आपटून ठेवला. सांडला. पुसला नाही. त्यांनीच पुसला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आला: पॉवर सप्लाय एक, १,६५०. दुरुस्तीवाल्याची मजुरी वेगळी. ह्याला लाल बटणच नाही, वीज किती आहे ते आपले आपण ओळखतो. बरे आहे. घरातल्या माणसांना जमत नाही ते.

सुरू झाला. चष्मा पुसून बसले. पाकिटाच्या चित्रावर टिचकी मारली.

चपलांच्या दुकानाची जाहिरात. आणखी एक जाहिरात. बस्स.

म्हटले, वाट अडली असेल कुठेतरी. दुरुस्तीवाल्याने आपल्या फोनवरून एक ओळ पाठवली. मी पापणी मिटेपर्यंत आली. वाट अडली नव्हती. शेवटचे पत्र एप्रिलचेच. "आई, गडबडीत आहे, नंतर लिहितो." दुरुस्तीवाला पैसे घेऊन गेला, जाताना दार हळू लावले. त्यालाही कळले असावे.

मागे हे येऊन उभे. किती वेळ, कोण जाणे. मी वळले नाही.

"तू रोज सकाळी इथं बसायचीस," ते म्हणाले. "मग उठून माझ्यासाठी चहा करायचीस. तुझं तोंड बघून तो चहा मला गिळवेना." आणि मग, "बंद असला म्हणजे निदान दोष यंत्राचा."

"आणि फडकं?"

"तोंडाला आलं ते बोलून गेलो."

माफी मागितली नाही. मी दिलीही नाही. राग गेलेला नाही, पण तो ठेवायला आता जागा सापडत नाही. ह्यांच्यावर ठेवावा तर पुरता बसत नाही. पोरावर ठेवावा तर उचलवत नाही.

१६ नोव्हेंबर

सकाळी जप झाल्यावर बसले. काही नाही. उठून स्वयंपाकघरात गेले तर ह्यांनी चहा टाकला होता. माझ्याकडे न बघता विचारले, "काय म्हणतो?"

म्हणजे ह्यांनाही वाटत होते, एखादे आले असेल.

१७ नोव्हेंबर, सोमवार

कागदावर त्याला कधी लिहिले नव्हते, भीक मागितल्यासारखे वाटायचे. आज लिहिले. टपालात टाकले. नक्कल:

"खटपट्या, कॉम्प्युटर सुरू आहे, काळजी नको. मला नाही लिहिलेस तरी चालेल, मला देव आहे. पाकिटावर वडिलांचे नाव घाल. तिकडच्या कुठल्या यंत्राचे अडले आहे, वीज कुठे तुटते ते कळत नाही, असे काहीतरी विचार. अडले नसले तरी विचार. ते उत्तर लिहितील. केव्हा लिहितोस तेवढे उलट टपाली कळव."