कावळी, पिवळं जॅकेट आणि माझा शांत स्वभाव

७ मार्च, शनिवार. सकाळ.

बायको गेली. ऑफिसचं ट्रेनिंग, दुसऱ्या शहरात. पुढच्या रविवारी परत. टॅक्सीत बसता बसतासुद्धा तेच पालुपद. मुलांवर ओरडायचं नाही, वस्तू फेकायच्या नाहीत, आणि तसलं काही कानावर आलं तर सासूबाई राहायला येणार. चार दिवसांसाठी नव्हे, कायमच्या.

मला हसू आलं. मी! तक्रार विभागाचा प्रमुख! दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खातो आणि वर 'आपली गैरसोय झाली, दिलगीर आहोत' म्हणतो. नव्या पोरांना राग कसा गिळायचा ते मीच शिकवतो. इतकी वर्षं संसार करून बायकोला नवरा कळू नये, कमाल आहे.

संकल्प: रजा आहेच, तर यंदाचा वसंत मुलांबरोबर घरी एन्जॉय करायचा. बाल्कनीसमोरच्या झाडाला काय सुंदर पालवी फुटली आहे! रोज तिघांनी बाल्कनीत नाश्ता. मुलांना निसर्ग दाखवायचा. आवाज अजिबात चढवायचा नाही.

दुपार.

पहिला नाश्ता पार पडला. थोरलीने (वय सात) धाकट्याच्या (वय चार) टाळक्यात चमचा हाणला. धाकटा तिच्या दंडाला कडकडून चावला. सोडवायला गेलो तर मलाही चावला. दात मजबूत आहेत. डेंटिस्टचा खर्च वाचेल.

मी ओरडलो नाही. दोघं भोकाड पसरून होती, त्यात माझं ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने बोललो, इतकंच. खालच्या मजल्यावरचे रिटायर्ड मास्तर वर येऊन विचारून गेले की काही कोसळलं का. रिकामा माणूस. धाकटा पलंगाखाली जाऊन बसला. त्याला तिथे आवडतं. गार असतं.

८ मार्च.

निसर्ग आपणहून दारी आला! झाडावर कावळ्याचं घरटं. बाल्कनीपासून हातभर अंतरावर. कावळी आमच्या दोरीवरचे तारेचे हँगर नेऊन घरट्यात विणते. थोरलीने तिचं नाव काकू ठेवलं. मी मुलांना पक्ष्यांच्या कष्टाळूपणावर छान बोललो.

मग काकूने माझा पांढरा शर्ट असलेला हँगर ओढला. शर्ट खाली गटारात.

चप्पल फेकली. वस्तू फेकायच्या नाहीत हे मुलांबाबत ठरलं होतं, कावळ्यांबद्दल काही बोलणं झालेलं नाही. काकूला लागली नाही. मास्तरांच्या गुलाबाच्या कुंडीला लागली. गुलाब तसाही मरतुकडा होता.

९ मार्च. सकाळ.

चहाचा कप घेऊन बाल्कनीत पाऊल टाकलं आणि डोक्यावर कुणीतरी टिकाव घातल्यासारखं झालं. काकू! मागून येऊन टाळूवर चोच मारून गेली. रक्त. वळलो तर पुन्हा, कानाजवळ. चहा छातीवर, कप फरशीवर. मुलांनी टाळ्या पिटल्या. बापाच्या डोक्यातून रक्त येतंय आणि ही कार्टी टाळ्या वाजवतात!

मास्तर म्हणाले की कावळे तोंड विसरत नाहीत, एकदा मनात धरलं की धरलंच, तेव्हा पिल्लं उडेपर्यंत तुम्ही आतच राहा. म्हणजे मी माझ्याच बाल्कनीत जायचं नाही, आणि पाखराने हुकूम सोडायचे. कुंडीचा राग आहे, दुसरं काय.

१० मार्च.

हेल्मेट घातलं. हातात बॅडमिंटनची रॅकेट. आधी रीतसर समजूत घातली, ऑफिसच्या आवाजात. उत्तरादाखल तिने नवऱ्याला बोलावलं. दोघांनी मिळून मला धुतला. हेल्मेटवर ठकाठक, मानेला दोन चोची. मी रॅकेट गरागरा फिरवली. फुटलेल्या वस्तू: बाल्कनीतला दिवा, खिडकीची एक काच, बायकोच्या आवडत्या दोन कुंड्या. कपड्यांच्या स्टँडवर मी स्वतः पडलो. स्टँड वाकला.

या वेळी ओरडलो, हे मान्य. पण काकूवर. मुलांवर नाही. तरी दोघं रडली, याला काय म्हणायचं? दारं आपटली तीही वाऱ्याने, निदान पहिलं तरी. धाकट्याने उशी नेली पलंगाखाली. स्वतःची सोय स्वतः बघतो. माझ्यावर गेलाय.

११ मार्च.

हेल्मेटही ओळखलं. नाश्ता तूर्त न्हाणीघराच्या दारात स्टुलावर. वसंत खिडकीतूनही दिसतो.

दुपारी डुलकी काढून उठलो तर काय बघतो! थोरली बाल्कनीत बसून काकूला पाव भरवते आहे. काकू तिच्या पायाशी. धाकटाही शेजारी फतकल मारून. तिघं अगदी गुण्यागोविंदाने. मी खिडकीशी दिसताच काकू काचेवर येऊन आदळली. घरातच फितुरी!

संध्याकाळी बायकोचा फोन. सगळं मजेत आहे म्हणालो. थोरलीला बोलायचं होतं, पण रेंज गेली. म्हणजे मी फोन ठेवला.

१२ मार्च.

डोकं चालवलं! तोंड विसरत नाही ना? मग तोंडच बदलू. बायकोचं पिवळं जॅकेट, तिची रुंद काठाची टोपी, तिचा मोठा गॉगल. आरशात बघून मीच घाबरलो. बाल्कनीत गेलो. काकू शांत! पुढे सरकलो. तरी शांत! मूर्ख पाखरू. अगदी हाताशी आल्यावर रॅकेट अशी हाणली की शेपटीची दोन पिसं हवेत. वर घरट्यावर पाइपने पाण्याचा मारा.

थोरली मध्ये आली. जॅकेटला लोंबकळून रडत होती की आत अंडी आहेत, बाबा नको. मी फक्त हात झटकला. ती जरा पडली. कोपर खरचटलं. माझं स्वतःचं डोकं तीन ठिकाणी फुटलंय, त्याचं कुणी नाव काढत नाही.

काकू समोरच्या फांदीवरून मान वाकडी करून बराच वेळ माझ्याकडे बघत होती. हरली.

१३ मार्च.

पिवळ्या जॅकेटात आणखी दोनदा हल्ला केला. सराव म्हणून. दुसऱ्या वेळी ती आधीच तयारीत होती, पण मी रॅकेट हाणून सटकलो. थोरली बोलत नाही. वयात येण्याची सुरुवात हल्ली लवकर होते म्हणतात.

१४ मार्च.

साफसफाई. काच बसवली. फुटक्या कुंड्या हॉलमधल्या दिवाणाच्या कप्प्यात कोंबल्या. धाकट्याला सांगितलं की आईला काही सांगायचं नाही, गंमत आहे आपली. तो हो म्हणाला. मी काहीही सांगितलं की तो लगेच हो म्हणतो. शिस्त.

एकंदरीत आठवडा छान गेला. मुलं आणि मी फार जवळ आलो.

१५ मार्च, रविवार. सकाळ.

बायको आली. घर चकाचक. मुलं तिला चिकटून बसली, प्रवासातून आलेल्या माणसाला श्वास तरी घेऊ द्यावा. संकल्प: आज तिलाही वसंत दाखवायचा. बाल्कनीत टेबल मांडतो. मी आतून वाढीन, माझी मान आखडली आहे.

दुपार.

घाईघाईत लिहितो आहे.

सकाळचा गारठा होता म्हणून तिच्या अंगावर मीच प्रेमाने जॅकेट घातलं. पिवळं. ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून टोपी. गॉगलसुद्धा. थोरली किंचाळली की आईला ते घालू नको. मी म्हटलं मोठ्यांच्या मध्ये बोलू नये. जरा जोरात म्हटलं. बायकोने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि दार उघडून बाहेर गेली.

काकू, तिचा नवरा आणि बहुधा सगळं खानदान आलं. टेबल उलटलं. किटली फुटली. बायको टोपीसकट कठड्यावर आदळली. कपाळावर ही एवढी खोक. आत ओढून घेतली तेव्हा ती विचारत होती की मी त्यांचं काय वाकडं केलं. थोरलीने रडत रडत सांगितलं की तुला नाही मारत आई, तुला ते बाबा समजतायत. मग चप्पल, कुंडी, काच, पाइप, कोपर, सगळं बाहेर आलं. धाकटा काही बोलला नाही. त्याला मी सांगितलंच होतं.

बायकोला मी म्हणालो, आपली गैरसोय झाली, दिलगीर आहोत. तोंडातून गेलं. सवय. तिने रॅकेट उचलली.

आता मी पलंगाखाली आहे. बाहेर रॅकेट कपाटावर आपटते आहे, मध्येच फोन, सासूबाई निघाल्याचं कळतंय. खिडकीत काकू. इथे गार वगैरे काही नाही. नुसती धूळ आहे, आणि डोकं वर केलं की फळी लागते. एक उशी आहे, एक टॉर्च, बिस्किटांचा पुडा, पाण्याची बाटली. आणि धाकटा. तो आधीपासूनच होता. सरकून त्याने मला जागा दिली.

पाय आत घे म्हणाला, दिसतात. अर्धं बिस्किट दिलं आणि हळू चावायला सांगितलं. मी विचारलं की साधारण किती वेळ बसायचं असतं इथे. तो म्हणाला की दारं आपटायची थांबली तरी लगेच जायचं नसतं, कारण कधीकधी तू परत येतोस.

मी पाय आत घेतले.