तात्याबाच्या बारा भेटी

३ फेब्रुवारी २००३, सोमवार

आले एकदाची न्हावऱ्याला. सामान कमी घे म्हणून आई दौंडला कानीकपाळी ओरडत होती. चौफुल्याला गादी, बादली, स्टोव्ह आणि चार जाडजूड पुस्तकं घेऊन एसटी बदलताना तिचं पटलं. फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलीची कंबर पहिल्याच दिवशी धरावी, म्हणजे कमालच.

इंटर्नशिपसाठी मिळालेलं आमच्या कॉलेजचं हे केंद्र छोटंसं आहे. पुढच्या खोलीत पेशंट, मागच्या खोलीत मी. शिपाई कोंडिबामामा बोलके आहेत. महेंद्र सर पुण्याहून फक्त शनिवारी येतात, म्हणजे बाकी दिवस मीच डॉक्टरीणबाई.

ताईच्या लग्नामुळे मला पंधरा दिवस उशीर झाला. तेवढे दिवस अंकितानं माझं काम केलं, माझी हजेरीही लावली. होस्टेलला चार वर्षं आम्ही एका ताटात जेवलोय, तरी इतकं कोण करतं? आज तिनं किल्ल्या आणि फायली हातात ठेवल्या आणि चहासुद्धा न घेता आल्या एसटीनं गेली. मला जरा रडूच आलं.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर गुडघे, कंबरा आणि आखडलेले खांदे. एका आजींनी व्यायाम करायला साफ नकार दिला आणि मलाच भाकरी बांधून दिली.

रात्री घरी जाऊन बघायच्या पेशंटच्या फायली वाचल्या. प्रत्येकाला बारा भेटी द्यायच्या, मग फाईल बंद. तात्याबा, वय बासष्ट, धनगरवस्ती, उजव्या अंगावरून वारं गेलेलं. आठ भेटी झाल्यात. पहिलीत आडवा, चौथीत उठून बसला, आठवीत धरून उभा. पहिलीपासूनच्या सगळ्या भेटी माझ्या नावावर, माझ्या सहीनं. अंकितानं माझी सही माझ्यापेक्षा झोकात केलीय. हसूच आलं. ह्या उभ्या राहिलेल्या आजोबांना उद्या भेटणार.

६ फेब्रुवारी, गुरुवार

तात्याबा अठ्ठावीस जानेवारीला वारले.

त्यांच्या बायकोनं, कुशाबाईंनी, मला बसायला घोंगडी दिली, चहा दिला. एक पोरगी एकदाच आली होती, म्हणाल्या. उद्यापासून सुरेखाबाई येतील, असं सांगून गेली. मग कुणीच नाही. तात्याबा बाज अंगणात काढायला लावायचे आणि रस्त्याकडे बघत पडायचे. रोज एकच विचारायचे, "सुरेखाबाई कवा येणार?" पाठीला जखमा झाल्या, ताप भरला, शेवटच्या दिवशीही तेच. मी कुशाबाईंना माझं नाव सांगितलं. "आता आलीस व्हय, बाई," एवढंच बोलल्या.

त्यांनी एका शब्दानं तरी शिव्या द्यायच्या होत्या. ज्या माणसाला मी कधी पाहिलं नाही, तो माझी वाट बघत मेला.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एसटीडीवरून अंकिताला फोन केला. म्हणाली, सगळेच भेटी घरी बसून लिहितात. म्हणाली, तुझ्यासाठीच केलं, तुझी हजेरी कशी भरली असती? वर माझ्यावरच चिडली. चार वर्षं मी हिला मैत्रीण समजत होते. स्वतःचं नाव लिहायला हिचा हात का नाही वळला?

८ फेब्रुवारी, शनिवार

सरांना सगळं सांगितलं. वाटलं होतं, ते तरी संतापतील. सरांनी शांतपणे फाईल चाळली. म्हणाले, मृत्यू लिहिला तर चौकशी होईल, आणि सह्या कुणाच्या आहेत? अंकिताचं नाव कुठेच नाही. उरलेल्या चार भेटी भर आणि मोकळी हो.

मी लिहिलं. भेट नववी: काठी घेऊन दहा पावलं चालतो.

माझी मला लाज वाटते.

१० फेब्रुवारी, सोमवार

कोंडिबामामा सांगत होते, कुशाबाईच्या डोक्यावर परिणाम झालाय. अंगणात बाजेपासून उमटलेली दहा पावलं ती येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवते. मी विषय बदलला. दु:खात माणसाला काहीही दिसतं.

संध्याकाळी दहावी भेट लिहून टाकली: मोठ्या रस्त्यापर्यंत स्वतः जातो. एकदाचं संपू दे.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सकाळी दूध आणायला गेले. मोठ्या रस्त्याच्या कडेला, फुफाट्यात, पावलं.

डावं पाऊल स्वच्छ. उजव्याचं पाऊल नाही, नुसती अर्धगोल रेघ. पुन्हा डावं, पुन्हा रेघ. वारं गेलेला माणूस पाय उचलू शकत नाही, बाहेरून फिरवून ओढतो. हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलंय. पावलं वस्तीकडून येतात, रस्त्याला लागतात आणि तिथेच थांबतात. परत गेलेली नाहीत.

ह्या फायलीत मी आता एक अक्षर लिहिणार नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

सरांना रस्त्यावर नेलं. ट्रॉल्यांनी सगळं पुसलेलं. ते हसले. मग टेबलाशी बसून माझ्यादेखत अकरावी भेट लिहिली, माझी सहीही केली: पेशंट स्वतः केंद्रात येतो. मी हात जोडले. म्हणाले, बारावी पुण्यात निवांत लिहितो, तू नको घाबरू. फाईल घेऊन गेले.

ह्या माणसाच्या प्रत्येक लेक्चरला मी पहिल्या बाकावर बसायचे.

१६ फेब्रुवारी, रविवार

केंद्र बंद होतं. कुलूप मीच लावलेलं. दुपारी पुढच्या खोलीत गेले तर पेशंटच्या पलंगावरची चादर दबलेली. उजव्या बाजूला जास्त. उशीला घोंगडीचा वास. दारापासून पलंगापर्यंत फरशीवर धूळ —

अर्धगोल. अर्धगोल. अर्धगोल.

समोरच्या गिताबाईंकडे वर राहायला आलेय. त्यांना म्हटलं, खाली डास आहेत. बाहेरून उभा जिना आहे, कठडा नाही. असा पेशंट तो चढूच शकत नाही. पंधरा पायऱ्या. इथे ठीक आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

बॅग भरली. चारच्या एसटीनं दौंडला जाणार. नापास तर नापास. जाताना वस्तीवर उतरून कुशाबाईंच्या पाया पडणार, सगळं सांगणार.

तीन वाजले. गिताबाई रानात. कोंडिबामामा आत्ताच येऊन गेले. सरांचा फोनवरचा निरोप कागदावर उतरवून आणलेला — फाईल पूर्ण झाली, अभिनंदन. बारावी भेट त्यांनी सकाळीच लिहिली. काय लिहिलं ते मामांनी कागदावरून वाचून दाखवलं.

जिना स्वतः चढतो.

मामांना थांबवायला हवं होतं. हाक मारली, सायकल लांब गेली —

खाली काठी वाजली.

ठक. मग फरपट. ठक. फरपट.

चांगला पाय आधी वर, मग अधू पाय. हे शिकवावं लागतं. त्याला शिकवायला कुणी गेलंच नाही. मी गेले नाही. तरी बरोबर चढतोय —

नऊ. दहा.

कडी लावलीय. सही माझी नव्हती, हे त्याला सांगेन. पण नववी मी लिहिली. दहावी मी —

थांबला. दाराशी. दम खातोय.

माझं नाव घेतलं. रागानं नाही. माझे पेशंट घेतात तसं. विचारतोय, सुरेखाबाई, आज कंचा व्याया—