टेकडी, विहीर आणि माझा आवाजाचा मुद्दा

८ जानेवारी
युद्ध जाहीर. आमच्या घरामागच्या टेकडीवर दगडखाण काढायचं परमिट शेजाऱ्याला मिळालं. काल कुंपणाशी उभा राहून स्वतःच सांगत होता, की साहेब, खडीला हल्ली फार मागणी आहे. जसं काही मी विचारायलाच गेलो होतो! आजपासून या इसमाचं नाव खडीसम्राट.

ही कालपासून एकच धोशा लावून बसलीय. टेकडी फोडली तर आपल्या विहिरीचा झरा आटेल, कारण तो टेकडीच्या पोटातूनच येतो. मी रिटायर झाल्यावर इथे राहायला आलो ते हिच्या बागेच्या हौसेपायी, आणि बाग आहे ती विहिरीच्या जिवावर. ही म्हणाली, विहीर गेली तर मी इथे एक दिवस राहणार नाही, सरळ बहिणीकडे जाईन. हिच्या बहिणीकडे मला बोलावणं नसतं. तेव्हा प्रश्न गंभीर आहे.

परमिटला आव्हान देणार. स्वतः. वकील कशाला? विमा कंपनीत सगळी हयात लोकांचे क्लेम नाकारण्यात गेली. कायदा माझ्या हाडीमांसी मुरलाय.

१० जानेवारी, सकाळ
संकल्प: रोज उठल्या उठल्या अपिलाची दोन पानं लिहायची. काहीही झालं तरी.

१० जानेवारी, संध्याकाळ
टेबल खिडकीशी न्यायचं की भिंतीशी, यात दिवस गेला. शेवटी होतं तिथेच राहिलं. उद्यापासून झपाट्याने.

११ जानेवारी
पेन बरोबर नाही.

१५ जानेवारी
भाचीचा फोन. ती वकील आहे, पण लहान आहे अजून. दोन मुलं आहेत म्हणून काय झालं. म्हणाली, मामा, विहिरीचा मुद्दा पहिला घ्या, बाकी फापटपसारा नको, आणि मुदतीच्या आत देऊन मोकळे व्हा. मी मनात हसलो. पाणी, झाडं, पाखरं हे मुद्दे काय, कोणीही घेतं. नुसतं रडगाणं. माझा मुद्दा वेगळा आहे. आवाज! सुरुंग, ड्रिल, खडी फोडायचं मशीन. आवाज मोजता येतो, आणि आकड्यापुढे कोणाचं शहाणपण चालत नाही.

आवाज मोजायचं मीटर मागवलं. ही म्हणाली, विहिरीतलं पाणी मोजायला एक दोरी पुरली असती. बायकांना शास्त्रीय दृष्टी कमी.

आणि हो, टेबल भिंतीशी नेलं.

२३ जानेवारी
मीटर आलं! काय वस्तू आहे! दार आपटून बघितलं. डबा पाडून बघितला. मांजराची शेपटी (चुकून) पायाखाली आली, तोही आकडा घेतला. हिला म्हटलं, जरा ओरड बघू. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मीटरवर काही आलं नाही, पण मला पोचलं.

अपिलाची प्रगती: शीर्षक तयार. शीर्षक मात्र झकास झालंय.

१ फेब्रुवारी
अपील पूर्ण. चौसष्ट पानं! पाठ मोडली, पण चीज झालं. ‘मानव आणि आवाज’ हे प्रकरण तर इतकं उतरलंय, की मीच दोनदा वाचलं. त्यात शपथेवर असंही लिहिलंय, की अपीलकर्त्याच्या पत्नीची झोप अत्यंत हलकी असून शेजारच्या खोलीत चमचा पडला तरी ती दचकून उठते. हे कधी झालं, असं हिने विचारलं. म्हटलं, कधी झालं हा प्रश्न नाही, होऊ शकतं की नाही ते बघ.

विहिरीचं घातलंत ना, असंही विचारलं. घातलंय. तळटिपेत. प्रत्येक गोष्टीला आपली जागा असते.

३ फेब्रुवारी
अपील दाखल. मुदतीचा शेवटचा दिवस होता, पण सिंह गर्दीत जातच नाही. कारकुनाचं स्टेपलर त्या गठ्ठ्यापुढे हरलं. त्याने सुतळी मागवली आणि मला आजोबा म्हणाला. सुतळीचं समजू शकतो.

१२ मार्च
पत्र आलं! माझी मागणी मान्य. अधिकारी जागेवर येणार, खडीसम्राट टेकडीवर ड्रिल चालवून दाखवणार आणि आवाज आमच्या घरात मोजला जाणार. आपल्या पायांनी चालत पिंजऱ्यात येतोय बिचारा.

हिची तालीम घेतली. दुपारी आतल्या खोलीत आडवं व्हायचं, ड्रिल सुरू झालं की दचकून उठायचं, डोकं धरून बाहेर यायचं. ही म्हणाली, मला नाटकं जमत नाहीत. म्हटलं, बाई गं, फक्त उठायचंय. एवढं तर जमेल?

१६ मार्च, संध्याकाळ
काय लिहू, कपाळ!

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. अधिकारी आला, सोबत मीटरवाला, मागून खडीसम्राट नवा शर्ट घालून. ही आत जाऊन पडली. खडीसम्राटाने फोन केला आणि टेकडीवर ड्रिल घरघरायला लागलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. म्हणजे मला तरी तसं वाटलं. आम्ही सगळे आतल्या दाराकडे डोळे लावून उभे.

ही आली नाही.

ड्रिल थांबलं. पुन्हा सुरू केलं. दाराची कडीसुद्धा हलली नाही. शेवटी अधिकारीच म्हणाला, बघू या का? दार लोटलं. ही कुशीवर वळून ढाराढूर! मी खोकलो. चमचा पाडला. मग ताट पाडलं. खडीसम्राट अगदी हळू आवाजात म्हणाला, अहो, झोपू द्या हो वहिनींना. अधिकाऱ्याने काहीतरी टिपून घेतलं.

मग ड्रिल बंद करायला लावून मी त्याला सगळी केस पहिल्यापासून समजावून दिली. जरा पोटतिडकीने. तो एकदा माझ्याकडे आणि एकदा मीटरकडे बघत होता. छाप पडली असणार.

ही उन्हं उतरल्यावर उठली आणि विचारते, आले का ते लोक? सकाळी बागेला पाणी घालून दमले होते म्हणे. वर असंही म्हणाली, की इतकी वर्षं तुमच्या घोरण्याशेजारी झोपल्यावर ड्रिल म्हणजे अंगाईच. मी घोरत नाही. घोरत असतो तर मला जाग आली नसती?

१७ मार्च
शांतपणे विचार केला. कालचा प्रसंग आपल्याच बाजूचा आहे. हिला झोपेतल्या झोपेत बहिरेपणाचा झटका आला, असं म्हणता येईल. पुरवणी निवेदन लिहायला घेतो. पेन नवं आणावं लागेल.

२ एप्रिल
निकाल. अपील फेटाळलं.

एक वाक्य उतरवून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी माझ्यावर अतिशयोक्तीचा आरोप करणार नाही. ‘पाहणीदरम्यान सर्वाधिक आवाजाची नोंद ड्रिल बंद असताना, अपीलकर्ते आपले म्हणणे मांडत असताना झाली.’ सही, शिक्का, सगळं. खडीसम्राटाने म्हणे याच्या प्रती काढल्यात.

आणि विहिरीचं असं, की तळटिपेत उल्लेख दिसतो, परंतु अपीलकर्त्याने त्याबाबत काही मागणीच केलेली नाही, सबब विचार करता येत नाही.

हिने निकाल माझ्या हातातून घेतला, उभ्या उभ्या वाचला आणि परत दिला. मग विहिरीपाशी जाऊन काठाला टेकून उभी राहिली. मी मागोमाग गेलो आणि वरच्या कोर्टाचं सांगायला लागलो. ही म्हणाली, जरा गप्प बसाल का? तेही ओरडून नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

फार वाईट वाटलं. विहिरीचं एक पान, एवढंच हवं होतं तिला माझ्याकडून. चौसष्ट लिहिली आणि तिचं तेवढं लिहिलं नाही.

संध्याकाळी माळ्यावरची बॅग खाली काढलेली दिसली.

५ एप्रिल
भाची आली. बॅग बघितली, निकाल बघितला, माझ्याकडे बघायचं टाळलं. म्हणाली, परमिटमध्येच अट आहे, की सुरुंग लावण्याआधी आसपासच्या विहिरींची तपासणी व्हायला हवी. ती झालेलीच नाही. जमीन आणि विहीर मामीच्या नावावर आहे, तर मामीच कोर्टात जाईल. तोवर बॅग राहू दे, मामी, भरू नकोस.

अर्ज जेवायच्या आधी तयार. एक पान! मी म्हटलं, छोटीशी प्रस्तावना लिहून देतो. दोघी एकदम नको म्हणाल्या. मग भाचीने अट घातली, की मामा, कोर्टात यायचं तर या, पण तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. मी तत्त्व म्हणून विरोध नोंदवला आणि कबूल झालो.

१९ एप्रिल
स्टे मिळाला. विहिरींची तपासणी होईपर्यंत टेकडीला हात लावायचा नाही. खडीसम्राटाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, पण मी बघितलं नाही. म्हणजे थोडंच बघितलं. घरी आल्या आल्या हिने बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. स्टूल मी धरलं.

कोर्टातला तपशील, आपला नोंदीसाठी. सगळं चहा निवायच्या आत आटोपलं. न्यायाधीशांनी जुनी फाइल चाळून हिला विचारलं, आवाजाबद्दल काही तक्रार? ही म्हणाली, नाही साहेब, आवाजाची मला सवय आहे. मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं. मी अवाक्षर काढलं नाही. नंतर भाची म्हणाली, मामा, आजच्या निकालात तुमचा वाटा फार मोठा आहे. ती हे मनापासून म्हणाली, तेच जास्त लागलं.

निघताना न्यायाधीशांचं लक्ष माझ्याकडे गेलं. हे कोण, असं त्यांनी विचारलं. मी छाती पुढे काढली, पण अट आठवली. तेवढ्यात हीच म्हणाली, हे होय, हे माझ्याबरोबर आलेत, पिशवी धरायला.

पिशवी मी शेवटपर्यंत नीट धरली होती.