आढ्यावरचा रंग

१२ नोव्हेंबर २००८
ठरलं एकदाचं! कौलं उतरणार, आढं निघणार, स्लॅब पडून वर खोली. मागे-पुढे हातभर जागा नाही, त्यामुळे खोली काढायची तर वरच. सई नववीत, पोरगी भाकऱ्यांच्या धुरात बसून भूमिती करते. लग्न होऊन रोडपालीच्या फ्लॅटातून या कोळीवाड्यात आले तेव्हापासून माझं या छपराशी भांडण आहे. बाबा (सासरे) हो म्हणाले, पण तोंड सुकटीसारखं.

१६ नोव्हें.
आढ्याचं लाकूड दारांना चालेल का बघायला सुतार आला. आढं मध्येच खाली झुकलेलं, त्याला टेकू म्हणून माजघरात भर मध्यावर खांब. सोफा, टीव्ही, पाहुणे सगळे त्याच्यापायी कोपऱ्यात. सुतारानं रंग खरवडला. दर गणपतीचा एकेक हात, हिरवा, निळा, गेरू... खाली काळंभोर लाकूड आणि मोरी माशाच्या तेलाचा वास, होड्यांना लावतात ते. दोन्ही अंगांना ओळीनं खाचा.
नको नको म्हणताना बाबा शिडीवर चढले. खाचांवरून हात फिरवत गेले आणि थांबले.
"ही पाठाण हाय गो. होरीची."
होडीचा तळाचा कणा, खाचा तिच्या फासळ्यांच्या! झुकलेलं काही नव्हतंच, आकारच तसा. जन्म होडीवर गेला आणि बाबांनाही माहीत नव्हतं. "टेकू मीच लावला. मना वाटला, घर बसतंय."
मी मान वर करून बघतच राहिले. भात करपला.

१७ नोव्हें.
नारळी पौर्णिमेला खाडीवर जायच्या आधी बाबा आढ्याला हळद-कुंकू लावतात. का, म्हणून विचारलं होतं एकदा. "बापूस लावी म्हनून." म्हणजे इतकी वर्षं घरात होडीची पूजा होत होती आणि पूजा करणाऱ्याला पत्ता नाही.

२० नोव्हें.
संदेशच्या (नवरा, दुसरं कोण) हट्टानं खांब काढला. मी सईला धरून बाहेर गल्लीत, जीव मुठीत. काही हललं नाही. आत गेलो तर खोली केवढी! सई मधोमध आडवी झाली. "आई, होडी वर आहे ना? म्हणजे आपण पाण्यात. आपण मासे."
बाबा हसले. किती दिवसांनी.

२२ नोव्हें.
उद्या स्लॅबवाले येणार. शेवटी बाबांनाच विचारलं, थांबवू का?
"आमी किती दिस? ऱ्हानार तुमी. तू सांगशील ता." ताट सारून ओटीवर जाऊन बसले.
मला खोली हवी आहे. आजही तितकीच. सईची दहावी कुणासाठी थांबणार नाही. पण मान वर केली की हात जोडावेसे वाटतात.
संदेशनं स्लॅबवाल्याचा नंबर लावून फोन माझ्यापुढे ठेवलाय. रिंग जातेय.