मनोऱ्यावरची पांढरी टाचणी

तीर्थस्वरूप काकांना,

बुद्धिबळात तुमच्याविरुद्ध आजवर एकदाही न जिंकलेल्या पुतणीचा साष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून ते आधी लिहून टाकते. खरंखोटं खाली कळेलच. काकूचा गुडघा कसा आहे? तुमच्या खोकल्याचं विचारत नाही, उत्तर पाठ आहे (घड्याळांच्या दुकानातली धूळ, दुसरं काय). तीन गल्ल्या पलीकडे राहून पत्र कशाला, असं म्हणाल. समोर बोलायला चार वेळा आले होते, काका. चारही वेळा तुम्ही डोळ्याला भिंग लावलंत आणि बोलू नकोस, स्क्रू उडेल, असं सांगितलंत. पत्राला भिंग लावलंत तर ते उलट मोठंच दिसेल.

क्षयाच्या ऑफिसात मी काय करते, असं कोणी विचारलं की तुम्ही सांगता, पोरगी टाचण्या टोचते. अगदी खरं आहे. भिंतभर जिल्ह्याचा नकाशा, एका रुग्णाला एक टाचणी आणि दर वर्षाचा रंग निराळा: सहा वर्षांपूर्वीचा पांढरा, यंदाचा लाल. रोग कुठून निघाला आणि कुठे पोचला ते त्यावरून दिसावं, असा बेत. गेल्या महिन्यात आमच्या झाडणाऱ्या मावशींनी तो नकाशा स्वच्छ करायला घेतला. चारशे अकरा टाचण्या उपसल्या, ओल्या फडक्याने नकाशा लख्ख पुसला आणि टाचण्या परत लावल्या. रंगवार, एका ओळीत, चारी कडांनी, पडद्याच्या झालरीसारख्या. त्या नकाशाप्रमाणे आमच्या जिल्ह्यात एकही रुग्ण उरला नव्हता. सगळा रोग शेजाऱ्यांच्या हद्दीवर जाऊन उभा होता. (साहेबांना तो फार आवडला. असाच वर पाठवता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं.) मावशींनी एकच टाचणी जागेवर ठेवली होती, घड्याळाच्या मनोऱ्यावरची पांढरी. ती मनोऱ्याचीच खूण आहे असं त्यांना वाटलं. ऑफिसात ती जुनी थट्टा आहे, मनोऱ्याला क्षय झालाय म्हणून तो सात मिनिटं मागे पडतो. मीही हसायचे.

नकाशा नव्याने करणं आलं. आमच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, या खेपेला माणूस झोपतो कुठे ते लावू नका, तासन्‌तास बसतो कुठे ते लावा. म्हणजे माझी सायकल आणि मी, दारोदार. परक्या बाईने दारात उभं राहून घरच्या पुरुषाला “तुम्ही संध्याकाळी कुठे बसता?” असं विचारल्यावर काय होतं ते तुम्हाला ठाऊक नाही. एकाने वाचनालय सांगितलं. आतून बायको ओरडली, वाचनालय दोन वर्षं बंद आहे! मग तिथे जे झालं ते मी वहीत लिहिलं नाही. दुसऱ्याने मला फाटकापर्यंत सोडायला येऊन कानात खरं उत्तर दिलं. तिसऱ्यानेही तेच दिलं. अकराव्या घरी पोचेपर्यंत मी उत्तर ऐकायच्या आधीच लिहायला लागले होते.

काका, सगळे तुमच्या दुकानामागच्या खोलीत बसतात. बुद्धिबळाला. खिडकी बंद, पंखा बंद, कारण वाऱ्याने घड्याळांचे बारीक भाग उडतात. एकोणीस टाचण्या त्या एका खोलीवर आल्या, इतक्या की नकाशाला तिथे भोक पडलं. पुढचं मला पाहवेना, पण पाहिलं. तुमच्याशी रोज डाव मांडणारे शाळामास्तर बदली होऊन धरणाच्या गावी गेले. दुसऱ्या वर्षी त्या शाळेभोवती तीन निळ्या टाचण्या. पोस्टमन डोंगरापलीकडे मुलीकडे राहायला गेला. तिथे दोन हिरव्या, त्यातली एक त्याच्या नातीची. (ती बरी झाली. हे आधी लिहायला हवं होतं.)

मग मी सगळ्यात जुनं रजिस्टर काढलं. पांढऱ्या टाचणीची नोंद सापडली. नाव गावात कोणाचंच नाही, पत्ता: घड्याळाचा मनोरा. दोन महिने सही करून गोळ्या नेल्या, पुढे आला नाही. आरोग्यसेवक शोधायला गेला होता, त्याचा शेरा आहे: दाराला कुलूप, वर फक्त कबुतरं. काका, दर रविवारी त्या मनोऱ्याला चावी द्यायला कोण जातं? आणि इतकी बारीक सही या गावात दुसरं कोण करतं? मला तुमचा फार राग आला. मग आठवलं, त्या वर्षी तुम्ही माझ्याशी महिनाभर खेळला नव्हतात, अंगात कसकस आहे म्हणून लांब बसवत होतात. मग राग राहिला, पण त्याला दातच उरले नाहीत. रोग कोणी मुद्दाम वाटत नाही. लपवतात मात्र मुद्दाम.

तुमची,
टाचण्या टोचणारी

ता. क. सोबतच्या दोन डब्या स्क्रू ठेवायला नाहीत. एकीत आत्ता आणि एकीत उद्या सकाळी, खोल खोकून थुंकायचं, झाकण घट्ट. शिपाई उद्या नऊला येईल. त्याला भिंग दाखवू नका, तो घाबरत नाही.

ता. क. २. काकूला मी काही सांगितलेलं नाही. तिला सहा वर्षांपासून माहीत आहे. गोळ्यांची रिकामी पाकिटं तुम्ही लंबकाच्या घड्याळात लपवलीत आणि ते बंद पडल्यावर तिनेच उघडलं.

ता. क. ३. खिडकी आजच उघडा. बारीक भागांवर काचेचा वाडगा उपडा घाला.

ता. क. ४. तीन आठवडे मीही खोकतेय. माझा रिपोर्ट काल आला. लाल टाचणी मी माझ्या हातानेच लावली, घरावर नाही, तुमच्या दुकानावर. माझ्या सगळ्या संध्याकाळी तिथेच गेल्या. सोमवारपासून सहा महिने गोळ्या आहेत. मला भीती वाटते, काका. अर्ध्यावर डाव सोडायची सवय मला तुमच्याकडूनच लागली आहे, म्हणून समोर बसून गोळी घेणारं कोणीतरी मला हवं. सोमवारी सकाळी नऊला या. मनोऱ्याचे नऊ नव्हेत, खरे नऊ.